तुंबलेल्या पाण्याचे चार दिवस

मी एक जुना डिशवॉशर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या दाराचा खरचटलेला कोपरा पाहिला की ते लपून राहत नाही. मित्रांनो, तुम्ही जेवून उठता, ताट ठेवता आणि विसरून जाता. पुढचं सगळं मी निस्तरतो. कपाच्या तळाशी किती साखर राहिली, कुणी भाजी न खाता ताटाच्या कडेला सारून ठेवली, हे मला बरोबर ठाऊक असतं. चहाडी मात्र मी आजवर कुणाची केली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रे वाकवले, नळ्या जोडल्या, पोटात दोन फिरते हात बसवले. शेवटी चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझं दार दहा वेळा उघडझाप केलं आणि पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला अजून अभिमान आहे.

पहिल्या घरी माझं कोण कौतुक झालं! पाहुण्यांना आधी मला दाखवायचे, मग बाकीचं घर. सहा वर्षं मी इमानेइतबारे राबलो. मग त्या घराचं स्वयंपाकघर नव्याने सजवलं आणि माझा रंग त्याला शोभेना. मला गच्चीवरच्या खोलीत, पंक्चर सायकलीशेजारी उभं केलं आणि वर चादर टाकली. एक वर्ष मी त्या चादरीखाली काढलं. तेव्हा मला खूप वाईट वाटायचं, हे कबूल करतो.

तिथून मी आताच्या घरी आलो तो सूनबाईंच्या बोटांमुळे. या सूनबाई नाटकमंडळींचे कपडे शिवतात. त्यांच्या बोटांना साबणाचं पाणी सोसेना. कातडी भेगाळली, भेगांतून रक्त यायचं आणि रेशमी कापडावर हात फिरवला की धागा ओढला जायचा. डॉक्टरांनी बजावलं, "दोन महिने भांड्यांना हात लावायचा नाही. हातमोजे घालूनही नाही, घामाने आणखी चिघळेल." घरात माणसं तीन. सूनबाई, त्यांचा नवरा आणि सासरे. नवरा पहाटेच्या पाळीला बेकरीत जातो. सासऱ्यांच्या (मी त्यांना आजोबाच म्हणतो) हाताला कंप आहे. एका आठवड्यात त्यांच्या हातून तीन बश्या फुटल्या, तेव्हा मला आणायचं ठरलं.

आजोबांचा आधी माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. ते भांडी विसळून, जवळजवळ घासूनच माझ्या पोटात ठेवायचे. एकदा तर त्यांनी माझ्या पावडरीऐवजी हाताने घासायचा साबण डावभर ओतला. झालं! दारातून फेस आला, स्वयंपाकघर भरलं आणि फेस पुढच्या खोलीकडे निघाला. आजोबा खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "अगं, हे उतू चाललंय!" सगळे पोट धरून हसले, पण तेव्हापासून त्यांच्या नावावर तो डाग लागला तो लागलाच.

पण माणूस शिकला. कुठे काय घालायचं ते त्यांनी पाठ केलं. ग्लासांवर पांढुरका थर दिसला की ते पाण्यातला क्षार मारणारं माझं मीठ भरायचे. फिरत्या हातांची भोकं बुजली की सुईने एकेक मोकळं करायचे. मोठं पातेलं आडवं येऊन माझा हात अडत नाही ना, ते बोटाने फिरवून बघायचे. दर रविवारी माझ्या तळाची जाळी काढून धुवायचे. इतकी निगा माझी पहिल्या घरीही कुणी राखली नव्हती.

आणि एका सोमवारी मी बंद पडलो.

म्हणजे पाणी आत आलं, फिरलं, पण बाहेर जाईना. मी जोर लावला. नुसता 'घूंऽऽ' असा आवाज निघाला आणि मी गप्प झालो. दार उघडलं तर तळाशी चार बोटं तेलकट पाणी, भांडी ओशट आणि वास असा की माझी मलाच लाज वाटली. नाटकाचे अठरा पोशाख पंधरा दिवसांत द्यायचे होते. मंडळींनी स्पष्ट सांगितलं होतं की या वेळी काम अडलं, तर पुढचं काम दुसऱ्या कुणाकडे जाईल. सूनबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या बोटांकडे पाहिलं, आणि त्या बोलून गेल्या, "बाबा, यापुढे तुम्ही त्याला हात लावू नका. आधी फेस, आता हे!"

आजोबा स्वयंपाकघरातून निघून गेले आणि चार दिवस पाणी प्यायलासुद्धा आत येईनात.

"जुनाच होता तो," नवरा म्हणाला. "दुरुस्तीवाल्या बाईंना दहा दिवस वेळ नाही. शनिवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू." रात्रीची भांडी तो पहाटे घासून जायचा. दुपारची मात्र सूनबाईच उरकायच्या, कुणाचं ऐकायच्या नाहीत. गुरुवारी पांढऱ्या साटिनच्या कॉलरवर रक्ताचा ठिपका पडला. त्या कॉलर हातात धरून बसून राहिल्या. आजोबा दारात उभे राहून ते बघत होते.

शुक्रवारी सूनबाई कपड्यांची मापं घ्यायला बाहेर पडल्या आणि आजोबांनी दुरुस्तीवाल्या बाईंना फोन लावला. फोन जमिनीवर ठेवला, गुडघ्याखाली उशी घेतली आणि माझ्यासमोर बसले.

"काका, आधी प्लग काढलाय ना?" बाईंनी विचारलं.

"काढला. नळही बंद केला."

"शाब्बास. आतलं पाणी वाटीने उपसा, उरलेलं स्पंजने टिपून घ्या. मग जाळी डावीकडे फिरवून वर ओढा."

पाणी उपसून झालं. जाळी फिरवावी लागलीच नाही, उचलली तशी हातात आली. आजोबा तिच्याकडे बघत राहिले.

"काका? आहात ना?"

"आहे. ही बसलेलीच नव्हती हो. नुसती ठेवली होती." मग हळूच म्हणाले, "मीच ठेवली, रविवारी. शेवटची टिचकी वाजेपर्यंत फिरवायला जोर लागतो आणि माझा हात ऐकत नाही. म्हटलं, राहील अशीच."

"मग फटीतून काहीतरी खाली गेलं असणार. जाळीच्या खड्ड्यात एक छोटं झाकण आहे, ते काढा. आत पाणी ढकलणारा पंखा दिसेल. बोट घालू नका, काच असली तर कापेल. चमच्याच्या दांड्याने फिरवून बघा."

पंखा हलेना. आजोबांनी टॉर्च तोंडात धरला, पोटावर आडवे झाले आणि आत डोकावले. पंख्याच्या पात्यात एक टाचणी अडकली होती, लाल मण्याची. त्यांनी चिमटा घातला. हात थरथरला, चिमटा निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. मी श्वास धरून होतो, आम्हा यंत्रांना जितका धरता येतो तितका. पाचव्या खेपेला दार वाजलं आणि सूनबाई आत आल्या.

सासरे जमिनीवर पालथे, तोंडात टॉर्च, चिमटा धरलेला हात माझ्या पोटात! मला वाटलं, आता काही खरं नाही. पण सूनबाईंनी पिशवी टाकली, शेजारी बसल्या आणि चिमटा काढून न घेता त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"ओढा, बाबा."

टाचणी निघाली. सूनबाईंनी ती तळहातावर घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. शिवताना त्या टाचण्या बशीत काढून ठेवतात. घाईत एखादी बशी कपांबरोबर माझ्यात आली असणार.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या.

"जाळी मी सैल ठेवली होती."

"पण टाचणी माझी, बाबा."

"अगं, पण जाळी घट्ट असती तर..."

"अहो, तुम्ही दोघं कुणाची चूक ते नंतर ठरवा!" फोनमधून बाई ओरडल्या. "झाकण बसवा, जाळी लावा आणि मशीन सुरू करून बघा आधी!"

जाळीची शेवटची टिचकी दोघांनी मिळून वाजवली. नळ उघडला, प्लग लावला, बटण दाबलं. पाणी आलं, फिरलं, आणि मग माझ्यातून सगळं घाण पाणी भळाभळा बाहेर पडलं. काय सांगू, मित्रांनो! इतकं हलकं मला कारखान्यातून निघतानाही वाटलं नव्हतं. सूनबाई तिथेच फरशीवर बसून हसू लागल्या आणि हसता हसता रडल्या.

"त्या दिवशी मी फार बोलले, बाबा. राग आला होता ना?"

"राग नाही आला. भीती वाटली. वाटलं, आता या घरात माझ्या हाताला काही कामच उरलं नाही."

सूनबाई उठल्या आणि त्यांनी चहा टाकला. भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी एक गंजलेला टेबलपंखा आणि रंगाचे रिकामे डबे मिळाले. मला कुणी हलवलं नाही.

पुढच्या दहा दिवसांत बोटांच्या भेगा भरत आल्या. शेवटचा पोशाख तयार झाला तेव्हा सूनबाईंनी तो आजोबांना दाखवायला स्वयंपाकघरात आणला. रेशमी बाहीवरून त्यांनी बोट खांद्यापासून मनगटापर्यंत फिरवलं. एकही धागा ओढला गेला नाही. आजोबांनी मान डोलावली आणि मी माझं धुण्याचं काम चालू ठेवलं.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी यंत्रं बंद पडली की लगेच आमचा निकाल लावू नका. प्लग काढा, टॉर्च घ्या, आत डोकावून बघा. भांडी ठेवण्याआधी बश्या झटका. आठवड्यातून एकदा जाळी धुवा आणि बसवताना शेवटची टिचकी ऐकू येईपर्यंत फिरवा. आणि हात थरथरत असेल, जोर पुरत नसेल, तर लाजू नका, हाक मारा. शेजारच्या खोलीत कुणीतरी असतं.