काचेच्या छतातलं पाणी

नव्या गाडीचं छत गळायला लागलं, तेव्हा त्याचं कारण घरात दोघांनाच ठाऊक होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. जळबाला आणि त्याच्या बायकोला, कमलबाईला. आणि दोघंही मूग गिळून बसले होते.

गाडी सुनेची. शीतल वसमतला दवाखान्यात नर्स होती. शिरड शहापूरहून रोज एसटीनं जाऊन येऊन तिच्या पाठीचा पार भुगा झाला, तेव्हा तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, प्रेमानंदनं, मिळून ही गाडी आणली. समोरच्या काचेपासून मागच्या सीटपर्यंत सगळं छत काचेचं. बटण दाबलं की पुढचा अर्धा भाग सरकून मागं जायचा. जळबाची सगळी नोकरी बांधकाम खात्याच्या गँगमध्ये, रस्त्यावर गेली. खड्डे बुजवायचे, मोऱ्या उपसायच्या, गाड्यांना लाल झेंडी दाखवायची. स्वतःच्या दारात गाडी उभी राहील हे त्याच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. प्रेमानंदनं हौसेनं त्याला ते बटण दाबायला शिकवलं होतं.

श्रावणात आठ दिवसांची उघाड पडली. शीतलच्या सुट्टीची दुपार होती, ती आत झोपली होती, प्रेमानंद शाळेत शिकवायला गेलेला. गाडी अंगणात शेवग्याखाली उभी. झाडाला शेंगा लटकलेल्या, पण एकही हाताला येत नव्हती. कमलबाई काठी घेऊन टाचा वर करून करून दमली.

"थांब," जळबा म्हणाला, "तुला गाडीत उभी करतो."

"येड लागलं का तुमाला?" कमलबाई म्हणाली खरी, पण बोलता बोलताच तिनं चपला काढल्या.

जळबानं किल्ली लावली, छत उघडलं. कमलबाई सीटवर चढली आणि पदर खोचून कमरेपर्यंत वर निघाली. शेंगा तोडून ती आत टाकायला लागली. तोडता तोडता तिला हसू आवरेना. एवढी हसलेली बायको जळबानं कित्येक वर्षांत बघितली नव्हती. फुलं, पिवळा पाला, काटक्या, सगळं छतावर सांडत होतं. नंतर त्यानं सीट झाडली आणि बटण दाबलं. छत मिटताना बारीकसा कर्र आवाज झाला. तो आवाज मात्र त्याच्या डोक्यात राहिला.

पुढच्याच आठवड्यात पावसानं जोर धरला. शीतल संध्याकाळी घरी आली ती एका खांद्यानं ओली.

"ब्रेक मारला की वरच्या दिव्यापासून पाणी पडून राहिलं," ती म्हणाली.

प्रेमानंद गाडी वसमतला संतोष मिस्त्रीकडं घेऊन गेला. संतोषनं काचेच्या कडेनं निगुतीनं सिलिकॉन भरलं आणि एक दिवस वाळू दिलं. दुसऱ्या पावसात पाणी पुन्हा आलं, पहिल्यापेक्षा जास्तच. काचेच्या कडेनं आतून लावलेलं छताचं राखाडी कापड फुगलं, त्याला कुबट वास सुटला. "आता सगळं छत खोलावं लागंल, नांदेडला दाखवा," संतोष म्हणाला.

त्या संध्याकाळी जेवताना प्रेमानंदचा आवाज चढला. "तूच कधी पावसात उघडं ठेवलं आसशील. रबर सरकलं की संपलं. इतकी नाजूक वस्तू वापरता येत न्हाई, तर घेतली काहून?"

"मी एकदाबी उघडलं न्हाई," शीतल म्हणाली.

"मग आपोआप गळून राहिलं का?"

शीतल अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली. जळबानं कमलबाईकडं बघितलं. ती खाली मान घालून भात कालवत होती, खात मात्र नव्हती.

सकाळी पाऊस थांबला. प्रेमानंद शाळेला गेला. शीतल ड्यूटीवर जायच्या आधी टॉवेलनं सीट टिपत होती. जळबा गाडीपाशी जाऊन उभा राहिला. दोनदा खाकरला.

"शीतल, माय, तुझी काही चूक न्हाई. ते छत मी मोडलं."

तिनं वर बघितलं.

"शेंगा काढायला उघडलं व्हतं. तुझ्या सासूला आत उभी केली. लावताना आवाज आला, तवाच मला सांगायला पाहिजे व्हतं. काल तू बोलणी खाल्लीस अन् मी गप बसलो."

दारातून कमलबाई पुढं आली. "मीच चढले व्हते गं. त्यायला काही म्हणू नको."

शीतलचा चेहरा आधी घट्ट झाला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता तिच्या. पण तिच्या डोळ्यांपुढं छतातून वर आलेली सासू उभी राहिली, हातात शेवग्याच्या शेंगा घेतलेली, आणि तिचा राग धरून ठेवता ठेवता सुटला. ती फसकन हसली. मग एकदम थांबली.

"मामा, तवा फुलं पडली व्हती का वर?"

"लय पडली."

तिनं छत उघडलं. तिघं डोकावली. काचेच्या खाली चारी बाजूंनी बोटभर रुंद पन्हाळ होती आणि तिच्यात सडलेल्या फुलापानांचा काळा चिखल बसला होता. वर पाणी तुंबलेलं.

जळबानं त्यात बोट घातलं. आता तो गुन्हेगारासारखा उभा नव्हता. "ही तर मोरी हाय," तो म्हणाला. "म्हंजी पाणी थोडंफार आत येणारच हाय, ते भायेर जायाची वाट बुजली. कोपऱ्याला भोक आसंल बघ."

चिखल काढला तसं पुढच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढं भोक दिसलं. जळबा कुंपणाची तार घेऊन आला.

"तार नको, मामा. आत नळी आसंल. तार घातली तर फाटंल, न्हाईतर जोडातून निघंल. मंग पाणी सगळं आतच."

घरात सलाईनची एक नवी नळी पडली होती. ती आणि मोठी सिरिंज घेऊन शीतल सीटवर उभी राहिली. पेशंटची तुंबलेली नळी मोकळी करावी तशी तिनं ती हळूहळू आत सरकवली आणि कोमट पाणी सोडलं. सगळं पाणी परत वर आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा आलं. तिनं ड्यूटीवर उशीर होईल म्हणून फोन केला आणि बाह्या सारल्या. जळबा पुढच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसून खाली बघत होता.

पाचव्या की सहाव्या खेपेला तो ओरडला, "आलं! आलं गं!"

चाकाच्या आतल्या बाजूनं आधी काळी गाठ पडली, मग पाण्याची धार लागली. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसंच केलं. मागच्या दोन नळ्या मोकळ्याच होत्या.

संध्याकाळी जळबानं लेकाला अंगणातच गाठलं. "तिला बोललास तसं आता मला बोल."

सगळं ऐकून प्रेमानंदनं दारात चपला काढल्या. मग आत जाऊन आईबापासमोर शीतलला म्हणाला, "चुकलं माझं. न विचारता बोललो."

"विचारलं व्हतं तुमी," शीतल म्हणाली. "ऐकलं न्हाई."

प्रेमानंदनं बादली उचलली आणि गाडीच्या छतावर सहा बादल्या पाणी ओतलं. आत बसलेल्या कमलबाईनं काच ठोकून सांगितलं, एक थेंब न्हाई. कापडावरचा डाग मात्र गेला नाही, आणि वास जायला पंधरा दिवस दारं उघडी ठेवून गाडी उन्हात उभी करावी लागली.

त्यानंतरच्या रविवारी शीतल सासूसासऱ्यांना कळमनुरीला नणंदेकडं घेऊन निघाली. वाटेत पावसानं झोडपलं. जळबा पुढं बसला होता, तळहात वर करून छताच्या कापडाला लावलेला.

"मामा, हात दुखंल."

"दुखू दे. बघतो."

दोन गावं मागं पडली. कापड कोरडंच होतं. त्याचा हात हळूहळू खाली आला, आणि थोड्या वेळानं पावसाच्या आवाजात त्याचं घोरणं मिसळलं.