तांबड्या दाराची कोठी

जव्हार संस्थानातून खोडाळ्याकडे जाणाऱ्या घाटरस्त्याचे काम चालू होते. कातळ फोडण्यासाठी आणलेली सुरुंगाची दारू ओढ्यापलीकडील एका दगडी कोठीत ठेविली होती. तेथे कोणी विस्तव नेऊ नये, हे निरक्षर मजुरांसही कळावे म्हणून पुंजा मुकादमाने कोठीच्या दारास तांबडा रंग फासला आणि तो निर्धास्त झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल घुमू लागला. पुंजा पाहतो तो पोशेरा गावचे मजूर सणासारखे नटून ओढ्याकडे येत होते. पुढे वृद्ध बाबल्या भगत, त्याच्यामागे मजुरीण रुपी. तिच्या हातच्या सुपात तेवता दिवा आणि धुपाचे निखारे. या डोंगरांत शेंदूर फासलेला दगड म्हणजे वाघदेव, आणि त्याच्यापुढे दिवा लावावाच लागतो.

पुंजा धावत ओढ्याकाठी आला व वाट अडवून उभा राहिला.

"नवा देव बसवलास, नि आमाला बोलावलं पण नाय," बाबल्या हसला. "एकट्यानंच कोंबडा खाणार होतास काय?"

"भगतबाबा, तो देव नव्हे. आत सुरुंगाची दारू आहे."

"मग दार तांबडं कशाला?" रुपीने विचारले.

"कोणी जवळ येऊ नये म्हणून."

"तांबडं बघून लांब कोण पळतो, मुकादम?"

सारे खदखदून हसले. ढोल पुन्हा वाजू लागला. वाऱ्याने निखारे फुलले. सूप हिसकावावे, तर ठिणग्या वाऱ्याबरोबर कोठीकडेच जाणार. पुंजाने कमरेला लटकावलेल्या, दारू ठेवायच्या शिंगातली चिमूटभर दारू सपाट दगडावर ओतली, सर्वांस मागे सारले आणि लांब काठीचे टोक सुपातल्या निखाऱ्यांवर पेटवून तिला लावले.

लखकन ज्वाळा उठली. ढोल थांबला.

"आत किती हाय?" बाबल्याने हळूच विचारले.

"कोठी भरून."

बाबल्याने त्या काळवंडलेल्या दगडाकडे पाहिले. "मग देव इथंच. ह्याच्या पुढं विस्तव जायचा नाय. मी सांगतो, कोण ओलांडतो बघू."

रुपीने दिवा तेथेच ठेविला, बाबल्याने दगडास शेंदूर लावला आणि ढोल दुप्पट जोराने वाजू लागला. पुंजाने कोठीच्या दाराचा तांबडा रंग खरवडून काढला.

दुपारी मजुरांच्या चिलमी देवापाशी राहिल्या. पुंजा घाईने ओढा ओलांडू लागला, तोच रुपी आडवी आली.

"मुकादम, कमरेची चकमक काढा."

पुंजाने ती काढून देवापुढे ठेविली.