जिवाच्या अंगात पुरलेली नाळ

सोनल खोडाळ्याच्या फाट्यावर जीपमधून उतरली तेव्हा तिच्या डोक्यात एकच विचार घोळत होता, पाड्यावरच्या म्हाताऱ्या जिवाला सांगायचं कसं? सांगणं तर भागच होतं. मुंबईच्या हॉस्पिटलातलं संशोधन संपलं होतं आणि कुणाला खरं औषध गेलं, कुणाला नुसतं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, हे आता उघड झालं होतं. जिवाला सलाईन गेलं होतं. आणि अख्ख्या जव्हार-मोखाड्यात सगळ्यांत ठणठणीत झालेला पेशंट कोण, तर जिवाच! आता बोला.

सोनल जव्हारच्या कापडवाल्याची मुलगी. या संशोधनासाठी पाड्यापाड्यांवरचे पेशंट गोळा करायचे, त्यांच्या गोळ्या नि तपासण्या बघायच्या, हे तिचं काम. जिवाला शुगर, त्यात हृदय फुगलेलं. चार पावलं चढला की धाप लागायची. बायको राही त्याला हाताला धरून बांधावर नेऊन बसवायची. औषध समजावताना सोनलनं म्हटलं होतं, "नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या नाळेतून पेशी काढतात, स्टेम सेल म्हणतात त्यांना. त्यांनी हृदयाला उभारी येते का, ते बघायचंय. निम्म्या लोकांना मात्र नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय गेलं, ते डॉक्टरांनाही शेवटपर्यंत कळत नाही." जिवानं मान डोलावली, अंगठा उठवला. मिठाच्या पाण्याचं बोलणं या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडलं. नाळ तेवढी धरून ठेवली.

का धरणार नाही? पाड्यावर सुईण बाळाची नाळ घराशेजारी पुरते. ज्या घरी नाळ पुरली, ते पोर त्या घरचं. जिवा-राहीच्या दारात कधी नाळ पुरायची वेळच आली नव्हती. वाट बघून बघून दोघं म्हातारी झाली. आणि आता कुण्या पोराची नाळ खुद्द जिवाच्या अंगात! मग ते पोर कुणाचं झालं? इंजेक्शन चैत्रात दिलं, म्हणून राहीनं नावही ठेवून टाकलं, चैती. मुलगीच, हेही तिनं परस्पर ठरवलं.

सोनलला हे कळलं तेव्हा ती हसली होती. गोडच वाटलं होतं तिला. शिवाय जिवा गोळ्या चुकवेनासा झाला, गोड चहा सोडला, नागलीची भाकरी नि पालेभाजी खाऊ लागला, रोज टेकाडापर्यंत चालून येऊ लागला. "चैतीचा काळीज हाय, जपाय नको?" म्हणायचा. असा पेशंट कुणाला नको असतो? त्याचा गैरसमज काढावा हे तिला सुचलं नाही, असं नाही. पण चाललंय ते बरं चाललंय म्हणून तिनं जीभ आवरली. चुकलंच तिचं.

सोनल पाड्यावर पोचली तेव्हा जिवा ओटीवरच बसला होता. पाणी पिऊन झाल्यावर सोनल एका दमात म्हणाली, "जिवादादा, तुम्हाला खरं औषध मिळालंच नव्हतं. सलाईन होतं ते. तुम्ही बरे झालात ते गोळ्यांनी, पथ्यानं, चालण्यानं. तुमच्याच कष्टानं." शेवटचं वाक्य तिनं जीपमध्ये घोकलं होतं. आता जिवादादा विचारणार, दुखणं परत येईल का, गोळ्या मिळत राहतील का. उत्तरं तिच्याकडे तयार होती.

जिवा आपल्या छातीकडे बघत राहिला. "म्हंजे आत कोनी नाय?"

"नाही, दादा."

राही दारात येऊन उभी होती. "आन चैती?"

"ते बाळ असेल कुठंतरी. त्याच्या पेशी दुसऱ्या कुणाला गेल्या."

राही खवळली. पाड्यानं जन्मभर वांझ म्हणून हिणवलं, तेव्हाही ती एवढी खवळली नसेल. "तू हसत होतीस बाय, तवा सांगाय काय झालं होतं? औषध नाय दिलास तं नाय दिलास. पोर कशाला दिलास?"

सोनलनं मान खाली घातली. काहीतरी करायचं म्हणून तिनं पिशवीतून पुढच्या गोळ्यांचं पाकीट काढून जिवापुढे ठेवलं.

जिवानं ते हळूच तिच्याकडे सरकवलं. रागाचा लवलेश नव्हता त्याच्या तोंडावर.

"ने ह्या," तो म्हणाला. "काळीज माजाच हाय, तं जपू कुनासाठी?"