पाण्यावरची मेथी

"उकळायचं नाही हं, मम्मी. नुसतं गाळायचं. आणि फडक्यात जे राहील ते परत त्याच पिंपात सोडायचं…"

फडकं दुपदरी होतं, सुती, वापरून वापरून मऊ पडलेलं, आणि त्याच्या मधोमध तपकिरी गाळाची एक पातळ साय साचली होती. रसीलाबेनने चारही टोकं उचलली, फडकं पिंपावर उलटं धरलं आणि वरून हलक्या हाताने पाण्याची धार सोडली. साय निसटली, पाण्यात विरली. गाळल्यावर फडक्यातले जीव जिथले तिथे सोडायचे, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. परकर नेसायची तेव्हापासून हात तेच करत आले होते. शिकवावं लागलं ते न उकळणं. लेकीने, झरणाने, एवढं बजावून दीक्षा घेतली, तरी त्या हिवाळ्यात रसीलाबेनने सवयीने हे पिंपातलं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं खळखळ उकळलं होतं, थंड करून बागेच्या पाइपांत सोडलं होतं, आणि रोपं कडेकडेने पिवळी पडत गेली होती. तेव्हा कुठे कळलं, की रोपांना पेंड लागत नाही, पेंडीवर जगणारे जे दिसत नाहीत ते लागतात. उकळून मी त्यांनाही मारलं आणि रोपांनाही… त्याचं प्रायश्चित्त घेतलं होतं तिने; पण प्रायश्चित्ताने पानं हिरवी होत नाहीत.

पिंपातली माशांच्या टाकीची छोटी मोटर बुडबुड करत होती. एरंडीची पेंड, मूठभर गूळ, चुलीची राख, टाक्यातलं पावसाचं पाणी. पहिले काही दिवस नाकाला पदर लावावा असा वास येतो, आणि मग एका सकाळी झाकण काढलं की वास पालटलेला असतो — नांगरलेल्या शेताचा, ओल्या मातीचा. माती खणायची नाही, गांडुळाला फावडं लागायला नको, म्हणून झरणाने खंभातच्या या गच्चीवर पाइपांतली बाग मांडली; आणि शेवटी वास आला तो मातीचाच. केवढी हसली होती तेव्हा… दोन्ही हात पिंपाच्या कडेवर, वेणी पुढे आलेली…

वेणी आता नाही. काल संध्याकाळी उपाश्रयात, साध्वींच्या उतरायच्या जागी, तिने पाहिलं — पांढऱ्या वस्त्राखाली डोक्याचा गोल, लहान बाळाचा असतो तसा. आता ती साध्वी शमरसाश्रीजी. पाच वर्षांनी विहार करत गुरुणींबरोबर गावात आलेल्या, उद्या पहाटे पुढे निघणाऱ्या. रसीलाबेन गर्दीत वाकली, "साहेबजी, सुखशाता?" म्हणाली. मुलीने मुहपत्तीचा रुमाल तोंडापुढे धरून "धर्मलाभ" म्हटलं, जसं शेजारच्या बाईला म्हटलं तसंच, त्याच सुरात. एवढंच. बाग आहे का अजून, हे विचारलं नाही. विचारायचं नसतंच. पण तरी… मनगटं किती बारीक झालीत.

मेथी पाइपांतून हिरवीगार उभी होती. तिने जुड्या कापल्या. यंदाच मेथी लावली होती — मागच्या वर्षांत पालक, कोथिंबीर, एकदा नुसता दुधी. यंदा मेथी का? घरासाठी. कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मासात बंद असलेला भाजीपाला मोकळा झाला, घरात हिरवं काही असावं. असं तिने दाणे भिजवताना म्हटलं होतं, कुणीही विचारलेलं नसताना.

खाली नणंद आली होती. मधुबेन, थोरल्या, समोरच्याच घरात राहायच्या आणि दिवसातून चार वेळा येऊन पुन्हा "बऱ्याच दिवसांनी आले" म्हणायच्या.

"भाभी, गच्चीवरचं तुमचं ते गटार बंद करा बाई. एकीकडे प्रतिक्रमण करायचं आणि दुसरीकडे पिंपात जीव पाळायचे!"

"पाळते ना, मारत तर नाही," रसीलाबेन हळू आवाजात म्हणाली.

तिचे पती जसवंतभाई पेढीवर निघाले होते, खिशात अकीकाच्या खड्यांची पुडी. "मोठ्या बहेन, तिला काही बोलू नका. माझ्यापेक्षा पिंपाची चौकशी जास्त होते या घरात. मला सर्दी झाली तरी विचारत नाही, त्याला फेस आला की वर धावते."

"तुम्हाला फेस येऊ दे, धावते," ती म्हणाली, आणि तिघंही हसली.

मग मधुबेनना फोडणीचा वास आला. त्यांनी कढईत डोकावलं. "मेथी? जसवंता, तुला मेथी चालायला लागली कधीपासून? लहानपणी बाने भरवली तर खिडकीतून थुंकायचास."

"छे! कडू जहर. मला तुरीची डाळ आहे ना?"

"आणि भाभी, तुमची तर बंदच आहे. मुलीचं भिक्षेचं पात्र दारात येईतो मेथी नाही, असा नेम घेतलाय ना तुम्ही?" मधुबेन जाता जाता सहज बोलल्या. "मग ही खाणार कोण?"

चमचा कढईत थांबला. खाणार कोण… हे खात नाहीत, मी खात नाही. मग दाणे भिजवले त्या सकाळी, गुरुणींचा संघ खंभातच्या वाटेवर आहे अशी बातमी देरासरात दर्शनाच्या वेळी ऐकून घरी आल्यावर, माझे हात कुणासाठी भिजवत होते? तिला सगळं ठाऊक होतं, आणि तिने ते इतकं खोल ठेवलं होतं की स्वतःलाही दिसू नये. आत्तासुद्धा — रांधून झाल्यावर गॅस बंद करून ती हात कोरडे पुसून बसली होती, नळाकडे गेली नव्हती. कच्च्या, न उकळलेल्या पाण्याचा हात असला की साध्वी त्या हातून घेत नाहीत, म्हणून…

दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गच्चीच्या पायरीवर झरणा बसली होती, मेंदीचे हात गुडघ्यांवर उलटे टाकून. "मम्मी, एक वचन दे. माझ्यासाठी म्हणून कधी काही रांधायचं नाही. तसलं आम्हाला चालत नाही."

"आणि हातून रांधलं गेलं तर? आईचे हात आहेत बाई."

"तर मला सांगायचं. लपवायचं नाही." मग थोडं थांबून, "दुसऱ्यांच्या दारात मी विचारीन, कुणासाठी रांधलं ते. तुझ्या दारात नाही विचारणार. म्हणून."

"धर्मलाभ!"

दारात दोघी. पुढे गुरुणी, मागे ती. रसीलाबेन उठली, "पधारा, पधारा साहेबजी" म्हणाली, आणि आवाज आपला नसल्यासारखा वाटला. पोळ्या घेतल्या, डाळ घेतली. तिने कढई पुढे केली. गुरुणींनी विचारलं, "ही भाजी? घरात खातात ना रोज?"

एक क्षण होता. त्या क्षणात सगळं मावलं असतं. मुलगी खाली बघत होती, पात्र दोन्ही हातांनी धरून. तिने मान वर केली नाही. बाप मेथी खात नाही हे तिला ठाऊकच होतं, पण मेथी खायच्या त्या दोघी मायलेकी, एका ताटात. मम्मी खात असेल, असंच तिला वाटणार. ती विचारणार नव्हती.

"हो, साहेबजी. खातो ना," रसीलाबेन म्हणाली.

पात्र पुढे आलं. डाव अर्धा रिता झाला तोच "बस" असा हात झाला. लाकडाच्या लाल पात्रात हिरवी मेथी — पाच वर्षं, केवढ्या सकाळी, तो पालटणारा वास — सगळं त्या अर्ध्या डावात… आणि दोघी पायऱ्या उतरून गेल्याही. पाठमोरी चाल मात्र तीच होती, डावा पाय जरा ओढणारी.

दुपारी ती जेवायला बसली. नेम फिटला होता. आता मेथी चालणार होती. तिने घास केला, तोंडाशी नेला, आणि तो हातातच राहिला. पाच वर्षं या घासाची वाट पाहिली. घास पानात परत ठेवून ती उठली.

सामायिकात, ध्यानाला बसली, कटासण्याचं आसन घालून, वाळूचं घड्याळ उलटं करून. ओठ हलत होते, पण मन उपाश्रयाच्या ओसरीत होतं. मायलेकी एका ताटात नव्हत्या, पण ती आत्ता जेवत असेल. डोळे मिटून जेवत असेल. माझ्या घरचं म्हणून मिटून… सांगितलं तर तिला प्रायश्चित्त पडणार, उपवास पडणार. त्या मनगटांना आणखी एक उपवास, आणि पहाटे विहार, अनवाणी. गुरुणी या दारात पुन्हा कधी यायच्या नाहीत, तिलाही धाडायच्या नाहीत. न सांगितलं तर कुणाला कळणार? आईने मुलीला चार पानं वाढली, एवढंच तर झालं. आईने मुलीला… पण ती माझी मुलगी म्हणून आली नव्हती. ती विश्वासाने आली होती. पात्र तिच्या हातात होतं आणि मागत मी होते. पाच वर्षं मीच मागत आलेय. एकदा वर बघ. एकदा विचार, बाग आहे का. आणि जे मिळालं ते तिचा तो डोळे मिटलेला विश्वास चोरून.

वाळू केव्हाच खाली उतरली होती. तिने सामायिक पारून संपवलं, वस्त्र बदललं, कपाळावरचं केशर आरशात नीट केलं आणि दार ओढून घेतलं.

"भाभी, आता कुठे?" मधुबेन ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "सकाळी तर दारात येऊन गेल्या की साहेबजी! आईचं पोट भरतच नाही म्हणा."

"एक सांगायचं राहिलं."

"मग मला सांगा, मी जातेच आहे दर्शनाला. निरोप देईन."

"नाही, मधुबेन. हे मलाच सांगावं लागेल."

मधुबेननी सूप खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं.

गल्लीत ऊन तिरपं झालं होतं. खाडीकडून खारट वारा येत होता. कशी सुरुवात करायची? साहेबजी म्हणून, की… नाही, साहेबजीच. हात जोडायचे, गुरुणींसमोरच सांगायचं, कोपऱ्यात बोलावून नाही. ती वर बघेल तेव्हा. बघेल बहुतेक, आणि त्या बघण्यात काय असेल, ते रसीलाबेनला पहिल्यांदाच ठरवून ठेवता येईना. छातीत एवढी वर्षं जे घट्ट धरून ठेवलेलं होतं ते सुटलं नव्हतं, पण कुठेतरी सैल झालं होतं, आणि त्या सैलपणाचीच भीती वाटत होती. उपाश्रय तर दोन वळणांवर. वाट आणखी थोडी लांब असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. पाय मात्र थांबत नव्हते.