सातवं बोट

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी कामावर हजर झाले. घरी बसून करणार काय? आल्यागेल्यासमोर रडायचं असतं आणि मला रडू येत नव्हतं. दादा म्हणाला, "तू काय दगडाची आहेस?" असेन. पंचवीस वर्षं दगडांतच तर घातली आहेत.

संग्रहालयाच्या तळघरात बसायचं, भिंगाखाली हवेवर चालणाऱ्या बारीक सुईने खडक कणाकणाने उडवायचा आणि आतलं हाड मोकळं करायचं, हे माझं काम. बाबांचंही हेच, याच टेबलावर. वरच्या दालनात त्यांनी सोडवलेला प्राणी आहे. शेपूट माशाचं, पण कल्ल्यांच्या जोडीला चार पाय. पाण्यातून जमिनीकडे निघालेल्या आपल्या पूर्वजांचा चुलत चुलत भाऊ म्हणा. मागच्या पायाला सात बोटं, म्हणून आम्ही त्याला सातबोट्या म्हणतो. शाळेची पोरं स्वतःची बोटं मोजून बघतात आणि दोन कमी भरली म्हणून हळहळतात. बाबांचा सगळा अभिमान त्या पायात होता.

त्या दिवशी एक पाहुण्या संशोधक बाई आल्या होत्या. आधी बोटं किती होती आणि पाचावर कशी आली, हा त्यांचा विषय. पाय खाली आणून त्यांनी अतिनील दिव्याखाली धरला. त्या दिव्यात हाड एका रंगाचं दिसतं आणि प्लास्टर वेगळ्या.

सहा बोटं पिवळसर दिसली. कडेचं सातवं निळं-पांढरं.

"हे प्लास्टर आहे," बाई म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

भरलेला भाग फिकट रंगवायचा, शेंबड्या पोरालाही कळला पाहिजे, नाहीतर ती शुद्ध थापेबाजी, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. आणि हे बोट त्यांनी इतकं हुबेहूब रंगवलं होतं की मीही फसले होते. माझ्या पायाखालची जमीन सरकायला हवी होती. मी खोलीतली बत्ती लावली आणि अतिनील दिव्याची वायर गुंडाळली.

बाबांच्या कामाच्या नोंदवहीत या बोटाबद्दल काहीच नव्हतं. बाई अवघडल्या. "मला सहाच धरावी लागतील. आणि सातवं बनावट आहे हेही लिहावं लागेल. उद्यापर्यंत थांबते. काही सापडलं तर सांगा."

संध्याकाळी बाबांच्या खोलीत त्यांची हत्यारांची पेटी उघडली. ब्रशांच्या खाली एक काडेपेटी होती. आत कापूस, कापसावर चिमूटभर तपकिरी भुगा आणि तांदळाएवढा एक तुकडा. खाली चिठ्ठी, त्यांच्याच अक्षरात.

"सातबोट्या, सातवं बोट. दगड समजून उडवलं. एवढंच उरलं. सांगायचं धाडस झालं नाही. चूक माझी."

खाली तारीख होती. ती ओळखायला मला कॅलेंडर लागत नाही. आई गेली त्यानंतरचा चौथा दिवस. मी नऊ वर्षांची होते. त्या सकाळी बाबा डबा घेऊन कामावर निघाले तेव्हा आत्या म्हणाली होती, "बायको गेली, पण ह्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही." मला ते खरं वाटलं होतं. जन्मभर मी ते मनात धरून ठेवलं.

चिठ्ठी दाखवली तर बाबांची चूक चव्हाट्यावर येणार होती. लपवली तर ते लबाड ठरणार होते. दुसऱ्या दिवशी मी काडेपेटी बाईंच्या हातात दिली.

बराच वेळ त्या भिंगातून बघत होत्या. "खरं हाड आहे. एका टोकाला सांधाही आहे. बोट होतं, सातच होती." मग त्यांनी चिठ्ठी वाचली. "एवढ्या मुरलेल्या माणसाच्या हातून असं कसं झालं?"

"माझी आई नुकतीच गेली होती," मी म्हणाले.

त्या वर गेल्या. मी टेबलाशी बसले आणि सुई सुरू केली. भिंगाखाली अर्धवट सोडवलेला एक मणका होता. हाड कुठे संपतंय आणि दगड कुठे सुरू होतोय, ते मला दिसेना. डोळे पुसले, पुन्हा बघितलं. दिसेना.

सुई बंद करून दादाला फोन लावला. "दादा, मी घरी येतेय," एवढंच म्हणाले, आणि पुढचं मला बोलता येईना.