प्रश्न चौदावा, मग थेट एकविसावा

मी एक जुनी प्रश्नावली आहे. मित्रांनो, एवढं ऐकूनच तुम्ही पान उलटायला निघालात, हे मला दिसतंय. चालायचंच. मला पाहून लोकांना नेहमी घरातलं एखादं तातडीचं काम आठवतं.

माझा जन्म जयपूरचा, गोपालपुऱ्यातल्या एका संस्थेच्या कचेरीतला. खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास. तिथे मुलं उत्तरं पाठ करत आणि वर मोठी माणसं प्रश्न बनवत. गावोगाव घरी जाऊन आरोग्याची विचारपूस करायची आणि जिथे चुलीच्या धुराचा त्रास जास्त दिसेल तिथे छाती तपासायचं शिबिर पाठवायचं, यासाठी मी. जन्मले तेव्हा तीस प्रश्नांची, सडसडीत होते. पुढे दर बैठकीत एकेका साहेबाने मायेने एकेक प्रश्न भरवला. एकशे बेचाळीसला माझ्यातून स्टेपलरची पिन जाईना.

मला घडवलं साताऱ्याच्या विनयाने. चाचणीसाठी ती मला बस्सीजवळच्या एका गावात, धापूदेवींच्या अंगणात घेऊन गेली. माझा चौदावा प्रश्न होता, घरात गॅस आहे का? उत्तर ‘हो’ आलं, तर थेट एकविसाव्यावर जायचं. मधले सहा प्रश्न चूल, धूर आणि खोकल्याचे.

“गैस तो छै, बाईसा!” धापूदेवी ताठ बसून म्हणाल्या.

विनयाने खूण केली आणि नियमाप्रमाणे विचारलं, “मच्छरदानी है?”

उत्तराऐवजी खोकला आला. तो थांबेचना, म्हणून विनया पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. तिथे गॅसच्या शेगडीवर भरतकाम केलेला रुमाल अंथरला होता आणि त्यावर काचेचे ग्लास मांडले होते. शेजारी चूल धगधगत होती.

“अम्माजी, और ये गैस?”

“ऊ तो मेहमाना की चाय को छै. रोटी तो चूल्हा की ही चोखी.”

“खांसी कब से है?”

“सासरै आई जद सूं.” म्हणजे सासरी आल्यापासून.

विनयाने माझ्या समासात पेन्सिलीने लिहिलं : ‘काल पोळ्या कशावर भाजल्या, असं विचारावं.’ मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच शहाणं वाक्य.

कचेरीत मला टॅबलेटमध्ये चढवायचं काम निमिषकडे होतं. तो जन्मापासून जयपूरचा. “ताई, मतलब, चौदा बदलला तर पुढचे सगळे जंप हलणार ना. सोमवारी ट्रेनिंग आहे.”

विनया प्रमुखांकडे, नंदकिशोर सरांकडे गेली.

“एका बाईच्या खोकल्यासाठी सगळी प्रश्नावली हलवायची का?” सर म्हणाले.

“सर, मी एकाच घरात पाणी आणायला गेले म्हणून एक. दहा घरांत गेले असते तर दहा निघाल्या असत्या.”

“मग जाऊ नकोस. बाटली नेत जा.”

मी नऊ हजार घरांत गेले. माझं कौतुक झालं, सरांना शाल मिळाली, गुळगुळीत कागदावर अहवाल छापला गेला. त्यात लिहिलं होतं : बस्सी भागात धुराचा त्रास नगण्य. शिबिर दुसरीकडे गेलं. विनयाने ते पान दोनदा वाचलं आणि डबा न उघडता घरी गेली.

नंतरची तीन वर्षं मी कपाटात काढली. गेल्या आठवड्यात मला बाहेर काढलं. पाहणीची नवी फेरी होती, नवी प्रश्नावली करायची होती. विनया आदल्या दिवशीच बस्सीला जाऊन आली होती. धापूदेवींना आता अंगण झाडतानाही मध्येच बसावं लागतं.

“सर, या वेळी चौदावा प्रश्न आधी बदलू या.”

“आता तर शक्यच नाही. मागच्या फेरीशी तुलना कशी करणार?”

मागची फेरी म्हणजे मी!

“सर, चूक चुकीशी जुळवून काय मिळणार?”

“जुळेल की,” सर शांतपणे म्हणाले आणि माझी झेरॉक्स काढायला सांगितली.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी जुन्या वस्तू ‘आम्हांला जपा’ अशी विनवणी करतात. माझी विनवणी उलटी आहे. मला जपू नका. मोठेपणी तुम्ही अशा एखाद्या खुर्चीत बसलात, तर पेन घ्या आणि माझा चौदावा प्रश्न खुशाल खोडा. मला काही दुखायचं नाही. दुखतं ते धापूदेवींच्या छातीत, आणि ते विचारणारा प्रश्न माझ्यात आहे, पण तिथपर्यंत कुणी पोचत नाही.