एकशे बारा थेंब

माघ सरत आला की मिठागरावरची पहाट पांढरी होऊन येते. आधी पांढरी, मग मोतिया, मग जास्वंदी. आणि मग सूर्य खाडीच्या कडेवर हनुवटी टेकून बसला, की शंभर वाफ्यांत शंभर सूर्य उगवतात. जलस्तब्ध, नभगर्भ वाफे; शुभ्रशिखर राशी; आणि त्यांच्या मधून सरळ गेलेला, दोन हात रुंदीचा, तांबूस मातीचा बांध. वारा खारा, धूळ खारी, बगळ्याच्या पंखावरून निथळणारं दहिवरसुद्धा खारं. इथे गोड म्हणून जे काही लागेल ते घरून आणावं लागतं, अगदी प्यायचं पाणीही.

या बांधावरून बावीस वर्षं एक सायकल जात होती. काळी, उंच दांड्याची, घंटी मुकी झालेली. पुढे धाकू रेडकर, वाफ्यांतलं मीठ फळीने ओढून राशी लावणारा. मागे कॅरिअरवर, चौपदरी गोणपाटाच्या गादीवर, एका अंगाने बसलेली त्याची बायको द्वारका. लहानपणीच्या तापात द्वारकेचा डावा पाय आखूड राहिला होता. वाफ्यात उभं राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. पण बांधाच्या पलीकडच्या टोकाला, गोदामात बसून मिठाच्या गोणींची तोंडं शिवावी तर द्वारकेनेच. तिच्यासारखा हात सगळ्या आगरात दुसरा नव्हता.

घर ते गोदाम दीड मैल. त्या दोघांची जी काही बोलणी बावीस वर्षांत झाली, ती बहुतेक या दीड मैलात झाली. घरी सासू होती, मुलं होती, चूल होती. बोलायला सवड नव्हती. सायकलवर बसली की द्वारका बोलू लागे, त्याच्या पाठीशी, वाऱ्याच्या उलट. आणि धाकू पायडल मारत ऐकत राही. मुलीचं लग्न या बांधावर ठरलं. सासूचं दुखणं या बांधावर रडून झालं.

गोदामाचा एक रिवाज होता. सकाळी शिवलेली पहिली गोण खांद्याच्या उंचीवरून जमिनीवर आपटायची. शिवण उसवली तर उकलायची आणि पुन्हा शिवायची. द्वारकेची गोण कधी उसवल्याचं कोणाला आठवत नव्हतं, तरी ती रोज आपटून घ्यायची. आपटल्याशिवाय दुसरीला हात लावायची नाही.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि सायकलची चेन तुटली.

पहिली तुटली कार्तिकात, दुसरी पौषात, तिसरी या माघात. जुन्या काळची मूळ चेन वर्षानुवर्षं चालली होती; ती गेल्यापासून धाकू आठवडी बाजारातून नवी आणत होता. बाजारात त्या दोरीवर टांगलेल्या असत, लग्नघरच्या झुंबरागत चमकत, आणि धाकू त्यांतली सगळ्यात चमकणारी घेई. माणूस मिठाची पारख उत्तम करायचा, चेनीची त्याला करता येत नव्हती.

तिसरी तुटली ती मोरीच्या चढावर. बांधाच्या मध्यावर, खाडीचं पाणी आत घेणारी मोरी आहे. तिथे बांध कमरेइतका उंच होतो. धाकू उभा राहून पायडल मारत होता. कट्‌ आवाज आला, पाय पोकळीत गेला, सायकल आडवी झाली आणि द्वारका चिखलात बसली. लागलं काही नाही. पण राशीवरून कोणीतरी ओरडलं, "वयनीचो भार सायकलीक सोसना नाय, धाकू!" आणि सगळी रास हसली.

द्वारका उठली. लुगड्याचा चिखल झाडला. म्हणाली, "तुमी फुडे व्हा. मी चलत येतंय."

ती त्या दिवसापासून चालतच यायला लागली. सूर्य हनुवटी टेकायच्या आधी घरातून निघे, डुलत, थांबत, काठी टेकत. धाकू सायकल हातात धरून बरोबर चालू लागला तर तिने त्याला हाकलून दिलं. रात्रीचा भात तिने निम्मा केला. आणि मुकादमाला सांगून टाकलं, की हा हंगाम संपला की आपलं काम संपलं. पायाला झेपत नाही. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हे असं.

धाकू रिकामं कॅरिअर घेऊन बांधावरून जायचा. गोणपाटाची गादी तशीच बांधलेली होती. ती सोडायला त्याचा हात होईना. मागून कोणी बोलत नव्हतं. हंगाम संपायला तीन महिने होते, आणि त्यानंतर हा बांध त्याला जन्मभर एकट्याने तुडवायचा होता. याचं त्याला सरळसरळ दुःख झालं. तो तसा रडका माणूस नव्हे, पण मोरीच्या चढावर एकदा उतरून तो नुसताच उभा राहिला.

बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, तो तुटकी चेन खिशात घालून तालुक्याला गेला. एसटी स्टँडच्या मागे पास्कू फर्नांडिसचं सायकलचं दुकान आहे. पास्कू साठीचा; चष्म्याच्या काड्यांना सुतळी बांधलेली, नखांत चाळीस वर्षांचं काळं ग्रीस. त्याने चेन उजेडात धरली. कोरड्या, तांबूस गंज चढलेल्या कड्या. अर्ध्या वळेनात, अर्ध्या थरथरत होत्या. त्याने ती लोखंडी पट्टीवर ताणली.

"चोवीस पिनी एका फुटात बसाक होयत," तो म्हणाला. "तुझी चोविसावी बघ खंय गेली. रेषेच्या भायर पाव इंच. हिका चेन म्हणतंस?"

आणि मग पास्कूने जे केलं ते धाकूने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने चेनीची एक कडी फडक्याने पुसली आणि जिभेला लावली.

"धाकू, सायकल कशान धुतंस?"

"खाडयेच्या पाण्यान. दर सांजेक."

"आणि तेल खंयचा घालतंस?"

"खोबऱ्याचा."

पास्कूने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, मगे लोणचा घातलंस रे तू चेनीचा! मीठ झाला, तेल झाला. आता मिरची तेवढी ऱ्हवली!"

यात धाकूची चूक होती, आणि नव्हतीही. आगरातली माणसं दिवसाचं सगळं खाडीच्या पाटात धुतात: पाय, फळ्या, टोपल्या, फावडी. बापाने तसं केलं, आजाने तसं केलं. चिखल जातो, आणि गेला की वस्तू स्वच्छ. गोड्या पाण्याच्या विहिरीला फाल्गुनात तळ दिसतो. ते पाणी सायकलवर ओतणारा माणूस आगरात वेडा ठरला असता. पण लाकडाच्या फळीला जे पचतं ते लोखंडाला पचत नाही. पाणी वाळे, मीठ राही. वर खोबरेल पडे, त्यात बांधाची धूळ बसे, आणि ते सगळं कडीकडीत दिवसभर दळलं जाई. संध्याकाळी निगा राखल्याच्या समाधानात धाकू घरी येई.

"बायल म्हणता, तिच्या वजनान तुटली," धाकू हळूच म्हणाला.

पास्कूने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. हसला नाही. "चांगली चेन तुमका दोघांक आणि वर मिठाच्या दोन गोणी घेवन चढ चढतली. सांग तिका."

मग त्याने दोन चेनी काढल्या. एक सोनेरी कागदातली, झगमगती. एक मेणकागदात गुंडाळलेली, शिसवी रंगाची, तेलाने अंग ओलसर. त्याने झगमगती आडवी धरली, तशी तिने ओल्या दोरीसारखी मान टाकली. शिसवी आडवी धरली. ती जराशी वाकली आणि तशीच ताठ राहिली. झगमगतीच्या रुळ्या, कड्यांमधल्या त्या बारीक नळ्या, नखाने फिरेनात. शिसवीची एकेक रुळी स्वतंत्र, निःशब्द फिरत होती. पिनांची डोकी एकसारखी ठोकलेली होती.

"चकाकता ता नको बघू," पास्कू म्हणाला. "फिरता ता बघ."

त्याने मागच्या चाकाचं दातेरी चक्रही बदलायला लावलं. जुन्याचे दात झिजून मुशी माशाच्या दातांसारखे वाकडे आणि टोकदार झाले होते. त्यावर नवी चेन चढवली तर ती घसरणार आणि महिन्यात त्याच्याच वळणाची होणार. शेवटी जोडकडीचं लॉक लावताना त्याने धाकूला जवळ बोलावलं. लॉकचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. उलट बसलं तर कुठेतरी अडकून निघून येतं. त्याने ट्रकच्या गिअरच्या दाट तेलाची एक लहान बाटली दिली, आणि जुनी चेन फेकून देऊ लागला.

"ती ऱ्हवांदे," धाकू म्हणाला. "घराक होयी."

संध्याकाळी परसात, तिरप्या केशरी उन्हात, त्याने ती जुनी चेन वर्तमानपत्रावर द्वारकेपुढे ठेवली. बोलण्यात तो पहिल्यापासून कच्चा. पास्कूचं सगळं सांगायला गेला आणि दोन वाक्यांत अडकला. शेवटी म्हणाला, "जीभ लाव."

"तुमका पिसा लागला काय?"

"लाव गो. एकदा."

द्वारकेची जीभ आगरात प्रसिद्ध होती. मीठ कुठल्या वाफ्याचं, कितव्या खेपेला ओढलेलं, चिमूटभर तोंडात टाकून ती सांगायची. तिने पदराने कडी पुसली, जिभेच्या टोकाला लावली आणि डोळे मिटले.

"ह्या आपल्याच आगराचा," ती म्हणाली. "मोरयेकडच्या पाटाचा."

तुटलेल्या कड्यांवरून तिचं बोट फिरत राहिलं. राशीवरचं ते हसणं, तो निम्मा भात, ती पहाटेची काठी, सगळं तिने विनाकारण अंगावर घेतलं होतं. तिला रडू आलं. आणि ती रडत असताना "लोणचा" आठवून धाकूने तो पास्कूचा विनोद सांगितला, तेव्हा हसूही आलं. त्या रात्री तिने भात पोटभर खाल्ला.

पण दुसऱ्या सकाळी ती पुन्हा चालतच निघाली. पटलं होतं, बसवत नव्हतं. चिखलात बसलेलं माणूस तो चिखल पुष्कळ दिवस विसरत नाही.

नवी चेन मात्र तिने आपल्या ताब्यात घेतली. धाकूच्या हाताने तेल धो धो पडायचं. तेल आत हवं, बाहेर नको, असं पास्कूने बजावलं होतं, आणि थेंब जिथल्या तिथे ठेवण्याचं काम द्वारकेच्या दाभणालाच जमण्यासारखं होतं. दर बुधवारी ती परसात पाट टाकून बसे. अर्ध्या तांब्या गोड्या पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळायचं, कडी न कडी पुसायची, म्हणजे मीठ सुटतं. उन्हात खडखडीत वाळवायची. रॉकेलच्या ब्रशाने काळं काढायचं, तेही सुकू द्यायचं. मग दाभणाचं टोक बाटलीत बुडवून प्रत्येक रुळीवर एक थेंब. एक थेंब, एक कडी. एक थेंब, एक कडी. एकशे बारा कड्या, एकशे बारा थेंब. धाकू पायडल उलटं फिरवी; तेल आत झिरपे. शेवटी कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाकायचं, की धुळीला बसायला जागा नको. आणि खाडीच्या पाटाकडे सायकल नेली तर याद राखा, अशी तंबी धाकूला रोज मिळे.

असे चार बुधवार गेले. फाल्गुन आला, वाफ्यांवर मिठाची साय धरली, पळसाने खाडीपलीकडची टेकडी पेटवली. चौथ्या बुधवारी द्वारकेने शाळेची फूटपट्टी आणून चेनीला लावली. चोविसावी पिन बरोबर रेषेवर होती. तिने पुन्हा मोजलं. रेषेवरच होती.

गुरुवारी पहाटे धाकू सायकल घेऊन अंगणात आला, तर द्वारका दारात उभी. हातात काठी नव्हती.

"गोण आपटल्याबिगर शिवण कळना नाय," ती म्हणाली, जरा रागातच, आणि त्याच्याकडे न बघता कॅरिअरवर एका अंगाने बसली.

पांढरी पहाट, मोतिया पहाट, जास्वंदी पहाट. बांधावर सायकल निघाली. आज द्वारका बोलत नव्हती, धाकूही बोलत नव्हता. दोघं खाली ऐकत होते. कुरकुर नव्हती, खडखड नव्हती. तेलातुपातली एक बारीक सुरसुर तेवढी होती. डाव्या बाजूला राशी, राशींवर माणसं. माणसांनी फळ्या थांबवल्या.

मोरी आली. चढ सुरू झाला. धाकू उभा राहिला, दोन पायडलं मारली, आणि तिसऱ्याला त्याचा पाय जड झाला. याच जागी. त्याचं सगळं अंग त्या एका आवाजाची वाट पाहू लागलं. सायकल मंदावली, डळमळली. "उतरतंस काय गो?" त्याने मागे न पाहता विचारलं.

मागून द्वारकेने त्याच्या सदऱ्याची मूठ घट्ट धरली. आपलं सगळं वजन, होतं नव्हतं तेवढं, तिने गादीवर नीट टेकवलं.

"थांबू नकात," ती म्हणाली. "मारा पायडल."

त्याने मारलं. एक कडी चढली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. एकशे बारा कड्या, एकशे बारा थेंब. आणि सायकल मोरीच्या माथ्यावर आली. शंभर वाफ्यांत शंभर सूर्य उगवले होते. पलीकडच्या उतारावर धाकूने पाय थांबवले, चाकं आपली आपण धावू लागली, आणि त्याच्या पाठीशी, वाऱ्याच्या उलट, महिनाभराचं साठलेलं सगळं द्वारका बोलू लागली.